उलट्या आकड्यांचं कडं

परवाना अधिकारी अकराला येणार होत्या. थोरल्या बाई साडेनऊलाच पिंजऱ्यांच्या दालनात खुर्ची टाकून बसल्या. सरकारी माणूस दारात आल्यावर ज्याची धावपळ सुरू होते, त्याच्याकडे काहीतरी लपवण्यासारखं असतं, असं त्यांचं जुनं मत होतं.

गेली एकतीस वर्षं त्या राखी पोपटांची पैदास करत होत्या. रानातले हे पोपट जाळी लावून इतके उपसले गेले होते, की त्यांना परदेशी विकण्यावर बंदी आली होती. परवाना मिळे तो फक्त पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला, आणि तोही मालकाच्या सहीच्या प्रतिज्ञापत्रावर. जन्माचा पुरावा म्हणजे पायातलं कडं. हे कडं अखंड, बिनजोडाचं असतं आणि त्यावर सरकारी आकडे कोरलेले असतात. पिल्लू अडीच आठवड्यांचं व्हायच्या आत ते बोटांवरून सरकवायचं. पुढे पाऊल वाढतं, आणि मग ते कडं चढतही नाही, उतरतही नाही.

बाईंचा धाकटा मुलगा कागदांची चळत घेऊन आत आला. चाळिशी उलटली तरी घरात आणि दारात तो धाकटाच होता. "आई, तू इथे कशाला बसलीस? वर बस. सही करायच्या वेळी बोलावतो."

"मला बोलावून आणायला मी पाहुणी आहे का?"

सूनबाई दाण्यांच्या वाट्या बदलत होती. ती मान न वळवता म्हणाली, "सकाळपासून मीही तेच सांगतेय. पण या घरात माझं ऐकतात ते फक्त पोपट."

बाई उठल्या आणि परदेशी जायच्या बारा पक्ष्यांसमोर उभ्या राहिल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना आता आकृत्याच तेवढ्या दिसत. "काय रे टग्यांनो," त्या म्हणाल्या. नऊ आकृत्या तुरुतुरु जाळीशी आल्या. शेवटच्या पिंजऱ्यातल्या तीन मात्र मागच्या भिंतीला चिकटून राहिल्या.

"हे कोण?"

"मागच्या दालनातले. जरा लाजरे आहेत."

"माझ्या घरात लाजरं कोणी जन्मलेलं नाही. तुझ्या वडिलांचा अपवाद सोडला तर. टॉवेल दे."

"आई, वेळ कुठे आहे आता?"

"टॉवेल."

सूनबाईनेच टॉवेल पुढे केला. बाईंनी सवयीच्या हाताने त्या तिघांतला एक पक्षी गुंडाळून घेतला आणि त्याच्या पायावरून अंगठा फिरवला. डोळे अधू झाल्यापासून त्या आकडे अंगठ्याने वाचत.

त्यांच्या घरची एक खोड होती. कडं घालताना बाई पिल्लाला तळहातावर उताणं निजवत आणि आकडे स्वतःला सरळ दिसतील असं कडं सरकवत. परिणामी त्यांचे पोपट मोठे होऊन उभे राहिले, की आकडे उलटे दिसत. इतर पैदासकार याची थट्टा करत, आणि बाई त्यांना करू देत. धाकट्यालाही त्यांनीच तसं शिकवलं होतं. या पक्ष्याच्या पायातले आकडे मात्र सरळ होते. ज्याने कडं घातलं, त्याने पक्ष्याला उभं धरलं होतं. आणि उभं धरावं लागतं ते मोठ्या पक्ष्याला.

शिवाय कडं सैल होतं. चार वर्षांपूर्वी परवाना कार्यालयाकडून चुकून एक आकार मोठी कडी आली होती. ती परत करायला त्यांनी धाकट्याच्याच हाती दिली होती.

"थेंबभर तेल आण," बाई सुनेला म्हणाल्या.

तेलाचं बोट फिरवून त्यांनी पक्ष्याची बोटं जुळवली आणि कडं अलगद काढून घेतलं. पक्ष्याने त्यांना कडकडून चावा घेतला. "शाबास," त्या त्याला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "रानातले?"

धाकटा बराच वेळ कागद नीट लावत राहिला. "आपले नऊच होते. गिऱ्हाइकाला बारा हवेत, नाहीतर ते दुसरीकडे जाईल. मी एकट्याने जमवलेलं हे पहिलं काम आहे, आई. त्या अधिकारी बाई नुसते आकडे वाचतात. तू सोडून कोणालाच कळलं नसतं."

"म्हणूनच माझी सही लागते."

"त्यांना सांगितलंस तर नोंदणी जाईल."

"माहीत आहे मला. तो नियम आला तेव्हा तू शाळेत होतास."

उरलेली दोन कडीही त्यांनी उतरवली. रक्त आलेल्या बोटाला सुनेने पट्टी बांधली, ती त्यांनी मुकाट्याने बांधून घेतली.

अधिकारी बरोबर अकराला आल्या. प्रतिज्ञापत्र टेबलावर होतं. बाईंनी त्यावर तीन कडी ठेवली. "बारा लिहिलेत, माझे नऊ आहेत. हे तिघे रानातून धरलेले आहेत आणि माझ्याच घरातली कडी घालून इथे उभे केले होते."

अधिकारी एकदा कड्यांकडे आणि एकदा धाकट्याकडे पाहून सावकाश म्हणाल्या, "बाई, हे मला लिहावं लागेल."

"लिहिण्यासाठीच सांगितलं."

"तुमचे नऊही अडकतील. नोंदणी वर्षभर स्थगित होईल आणि नवी कडी मिळणार नाहीत. घरट्यात अंडी आहेत ना?"

"दोन आहेत. आठवड्याभरात फुटतील."

"त्या पिल्लांना मग पुढे कधीच परवाना मिळणार नाही."

"कडं घालायची मुदत मला शिकवू नका."

अधिकारी किंचित हसल्या आणि त्यांनी पेन काढलं. "हे तिघे कोणाकडून घेतले?"

"ते मी नाही सांगणार. घेतले याने, आणि तोंडही याला आहे."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने त्याला हात दिला नाही, आणि नजरही दुसरीकडे वळवली नाही. मग त्याने बंदरावरच्या एका गोदामवाल्याचं नाव सांगितलं, त्याचा नंबर सांगितला आणि अजून किती पक्षी तिथे पाहिले, तेही सांगितलं. शेवटचं कोणी विचारलं नव्हतं.

तिन्ही पक्षी निवारा केंद्रात जाणार होते, आणि पंख धड निघाले तर पुढे त्यांच्या रानात. त्यांचा पिंजरा धाकट्याने स्वतः गाडीपर्यंत नेला. वाटेत त्याने त्यावर टॉवेल पांघरला.

अंडी फुटली. पिल्लं सोळा दिवसांची झाली, त्या सकाळी धाकटा सवयीने घरट्याच्या पेटीपाशी आला आणि एक पिल्लू तळहातावर उताणं घेऊन उभा राहिला. कड्यांचा खण रिकामा होता.

"आई, हात लावून बघ. उद्या-परवापासून चढणार नाही."

बाईंनी त्या चिमुकल्या पावलावर अंगठा ठेवला. पाऊल गरम होतं.

"आता ही कुठे जाणार?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच."

"पन्नास वर्षं जगतात ही."

"मग तूही जरा तब्येतीला जप."

पेटीमागून सूनबाईचं हसू ऐकू आलं. धाकट्याने पिल्लू जपून आत ठेवलं, जन्मनोंदीची वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "पिल्लं दोन. कडं नाही."

"कारण लिही."

तो थांबला आणि मग त्याने कारणही लिहिलं. चार ओळी झाल्या. त्या त्याने आईला वाचून दाखवल्या. कुठला शब्द मऊ केलेला नाही, याची खात्री पटल्यावर बाईंनी हात पुढे केला. धाकट्याने त्यांचं बोट सहीच्या रेघेवर नेऊन ठेवलं.