छतावरची भेग

"तुझा नियम ठेव तुझ्या खिशात. आज पोरांना आत न्यायचं नाही."

"ताई, इथवर येऊन परत फिरायचं? आज त्यांची परीक्षा आहे."

"असू दे परीक्षा."

हे दोघं भाऊबहीण लेण्याच्या पायथ्याशी मघापासून भांडतायत आणि मी भावाच्या मुठीत घामाघूम होतोय. मी टॉर्च. जुना. डोक्याला पोचा पडलाय, आणि सेल निसटू नयेत म्हणून बुडाला चिकटपट्टी गुंडाळलीय. मित्रांनो, यांचं भांडण चाललंय तोवर माझं ऐकून घ्या. नंतर वेळ मिळेलच असं नाही.

मी कारखान्यात जन्मलो. पॉलिश करणाऱ्या बाईने मला तोंडासमोर धरून माझ्यात स्वतःचे दात बघितले आणि खोक्यात टाकलं. तिथून मी थेट डोंगराच्या पोटात गेलो, बोगदा खणणाऱ्यांच्या मुकादमाकडे. शिवराळ माणूस, पण कामावर आला की आधी मला छतावर फिरवायचा. जुनी भेग काळी असते, जाळ्याजळमटांनी भरलेली. ताजी भेग आतून पांढरी असते आणि तिच्यातून पिठासारखा चुरा गळतो. हे मी तिथे शिकलो. चुरा दिसला की दिसेल त्याने बोंब मारायची आणि सगळ्यांनी पळत सुटायचं. कोण ओरडला, काय ओरडला, कुणी विचारायचं नाही. एकदा एकजण घाबरून नुसताच "ए, ए, ए" करत होता. तेवढ्यावर सगळे बाहेर आले. मग मागे छत बसलं.

बोगदा संपला आणि मुकादमाने मला विकून टाकलं. पुढे कितीतरी दिवस मी एका दुरुस्तीवाल्याच्या खणात, मेलेल्या रिमोटांच्या खाली गंजत पडलो. असला संताप यायचा. आपण डोंगर बघितलेला माणूस, म्हणजे टॉर्च, आणि शेजारी कोण, तर पंख्याचं बटण.

तिथून मला सरांनी उचललं. सर इंग्रजीचे क्लास घेतात. मुलं पाठीमागे त्यांना डिक्शनरी म्हणतात. फळ्यावर शब्द लिहून पाठ करून घेणं त्यांना पटत नाही. ते पोरांना गाडीत भरतात, जुन्या बौद्ध जागांवर नेतात आणि माझा उजेड जिथे पडेल त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते वदवून घेतात. गाडी त्यांची थोरली बहीण चालवते. तिची पोर, जिला सगळे चिमणी म्हणतात, तीही क्लासला आहे.

खरं सांगू, मजा यायची. टेकडीवरचा स्तूप, डोम. त्याच्यापुढचं तोरण, गेट. पडक्या विहारात विटांचा पाया, विहीर, पाणी जायची मोरी, सगळ्याचे शब्द झाले. लेण्यात भिक्खूंच्या झोपायच्या ओट्याला दगडाचीच उशी कोरलेली आहे.

"पिलो," सर म्हणाले.

"हार्ड पिलो," क्लासमधला ढोल्या म्हणाला.

मग मी एका दगडी भिक्खूच्या तुळतुळीत डोक्यावर थांबलो आणि ढोल्या म्हणाला, "हेअरकट फिनिश." सरसुद्धा हसले. मी जिथे पडायचो तिथे सगळ्यांचे डोळे. एवढा मान मला बोगद्यात पण नव्हता.

पण सरांचा एक नियम आहे. लेण्याची पायरी चढली की घरची भाषा बंद. जो बोलेल त्याने बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या. परत जाताना गाडीत सगळे त्याला 'चप्पल' म्हणतात. ढोल्या कितीदा चप्पल झाला, त्याला फरक पडत नाही. चिमणी आजवर एकदाही झाली नाही. तोच तिचा तोरा.

पायऱ्या संपतात तिथेच ते सगळ्यात मोठं लेणं. कमानीचं छत आणि मधोमध स्तूप. पहिल्यांदा गेलो तेव्हा छत वटवाघळांनी काळंभोर होतं. पुढच्या वेळी ती निम्मी राहिली. काल गेलो तर एकही नाही. सर वर बघून म्हणाले, "व्हेरी क्लीन." इतकी जुनी वस्ती कुणी उगाच सोडत नाही.

तेवढ्यात चिमणीने बोट वर केलं. सरांनी मला तिच्या बोटामागे नेलं. स्तूपाच्या बरोबर वर भेग होती. कडा पांढऱ्याफेक. खाली स्तूपाच्या खांद्यावर चुरा सांडलेला.

"येस? व्हॉट इज इट?"

चिमणीने तोंड उघडलं. घरचा शब्द अगदी जिभेवर आला होता. तिने बाहेरच्या चपलांकडे बघितलं आणि तो गिळला.

"लाइन," ती म्हणाली.

"गुड. स्ट्रेट लाइन?"

"नो सर."

"व्हेरी गुड." आणि मला खाली आणून कोरलेल्या कमळावर धरलं.

मी चिडून लुकलुकलो. दुसरं काय करणार? सरांनी मला तळहातावर आपटलं. "सेल गेले वाटतं," म्हणाले.

रात्री सगळे जवळच मुक्कामाला राहिले. आज पुन्हा त्याच लेण्यात सगळ्यांची परीक्षा ठरलीय. आत्ता पायथ्याशी गाडीत ताई चिमणीची वेणी घालत होती, त्यावरून हे भांडण पेटलं.

"तिच्या केसांतून पांढरा चुरा निघतोय. विचारलं तर म्हणते, वरून पडला. मग ओरडली का नाहीस? तर म्हणते, इंग्लिश येत नव्हतं."

"अगं, दगड आहे, थोडी धूळ पडणारच. शेकडो वर्षं उभं आहे ते."

"इतकी वर्षं उभं राहिल्यावर कुणाचेही पाय लटपटतील. दे तो टॉर्च इकडे. आधी मी बघून येते. तोवर एकाही पोराने पायरी चढायची नाही."

"तू कशाला? मी जातो की."

"तू जाशील आणि स्पेलिंग तपासून येशील. दे म्हणते ना. दारातूनच बघते, आत नाही जात."

तिने मला हिसकावूनच घेतलं. स्टिअरिंग धरणारा हात आहे, पकड घट्ट. पण मित्रांनो, दारातून ती भेग दिसत नाही. कमानीच्या आड जाते. ती बघायची तर स्तूपापर्यंत जावं लागतं, म्हणजे तिच्या खालीच. हे मी या बाईला कसं सांगू?

मला जपा, माझे सेल काढून ठेवा, असं काहीतरी सांगणार होतो. ते राहू दे. तुम्ही फक्त एवढं करा. डोळ्यांना काही वावगं दिसलं की ओरडा. शब्द शोधत बसू नका, येईल तो आवाज काढा. चप्पल म्हणतील, म्हणू देत.

ताई पायऱ्या चढतेय. खाली मुलं रांगेत उभी. सर नखं खातायत. आणि चिमणी रांग सोडून धावत आली, सरळ पहिल्या पायरीवर.

"आई, भेग आहे तिथे. दारातून नाही दिसत. तू तिच्याखाली जाऊ नकोस."

घरच्याच भाषेत, सगळ्यांच्या देखत. सरांचा हात नियमाप्रमाणे चपला काढायच्या जागेकडे उठला आणि तसाच राहिला.

ताई थबकली. आत काहीतरी बारीक, खडीसारखं, दगडावर सांडलं. तिने तिथूनच मला पेटवून दाराकडे धरलं. थांबा, मला आता जायला हवं.