डावीकडचा मागचा बटाटा

देवरीच्या बसथांब्यासमोर माझं किराणा दुकान आहे. दुकानात टीव्ही आहे, म्हणून ज्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही असा प्रत्येक जण माझ्याच काउंटरवर कोपर टेकून मला फुटबॉल शिकवतो. त्यात सगळ्यांत पुढे माझा धाकटा भाऊ परसराम. त्याची मुलगी, आमची चंचल टेंभरे, दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबकडून पगारावर खेळते, तेव्हा त्याचा तोरा काय विचारता!

चंचल गोल मारणारी पोरगी. जिल्ह्यात तिला येताना पाहून समोरच्या गोलकीपर रडवेल्या व्हायच्या. क्लबात मात्र हंगाम सुरू झाल्यापासून ती बाकावरच बसून होती. पुढे खेळणाऱ्या दोघी तिच्याहून सरस होत्या, हे सगळ्या देवरीला दिसत होतं, फक्त परसरामला दिसत नव्हतं.

त्या शनिवारी परसराम दुकानात असतानाच त्याला तिचा फोन आला. डाव्या बाजूला मागे बचावात खेळणाऱ्या मुलीचा पाय मुरगळला होता. उद्या त्या जागी खेळशील का, असं कोचने चंचलला विचारलं होतं आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. यंदा मैदानात उतरलीच नाही, तर पुढल्या वर्षी क्लब तिला ठेवणार नव्हता.

परसरामने फोन काउंटरवर आपटला. "मांगं? काऊन मांगं? पोरगी गोल मारायले गेली, राखण कराले नाही!"

शेजारी मोबाईल दुरुस्त करणारा लोकेंद्र धावत आला. मला न विचारता त्याने पोत्यातून अकरा बटाटे काढले आणि काउंटरवर टीम मांडली. "हे पाहा भाऊ, चंचलले समोर आनाचं असंल तं या दोघीतली एक काढा लागते."

"काढ ना मंग!"

"दोघीही ठेवा, चंचलही ठेवा," शालीकराम म्हणाले. हे एसटीचे निवृत्त कंडक्टर, कितीही भरलेल्या गाडीत आणखी एक माणूस बसवायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. "तिघी समोर, बाकी मधात."

"मंग मांगं कोन? तुमी?"

बटाटे इकडून तिकडे फिरत राहिले. साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही साखर विसरून गोलकीपर बदलायला लागलं. माझं डोकं फिरलं. तराजूचं पारडं दणकन वाजवून मी म्हणाले, "जिले खेळाचं आहे तिले कोनी इचारलं का?"

"आत्याबाई, मी आयकूनच राहिली ना," काउंटरवरून आवाज आला. आपटलेला फोन चालूच होता.

परसराम फोनकडे वाकला, आणि त्याचा आवाजच बदलला. "माय, गावच्या टीममंधी मी मांगंच खेळलो. गोल मारणाऱ्याईले लोकं खांद्यावर घेऊन नाचत. माहं नाव कोनी घेतलं? मांगच्याचं नाव कोनी घेत नाही, माय."

मी त्याची सख्खी मोठी बहीण. तो खेळायचा हे मला आठवत होतं, पण कुठे खेळायचा ते सांगता आलं नसतं. मला फार वाईट वाटलं.

"बाबूजी," चंचल म्हणाली, "बाकावरच्याचं तं अजिबातच घेत नाही." मग ती म्हणाली, "मी मांगं खेळीन. पन भेव लागून राहिला. कसं खेळाचं, सांगा ना मले."

परसरामने डावीकडचा मागचा बटाटा पुढ्यात ओढला. मग म्हणाला, "पायाकडे नोको पाहू. समोरचीच्या कमरेकडे पाहजो. पाय फसवते, कंबर नाही फसवत."

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे नवखी पोरगी आहे हे समोरच्या टीमने लगेच हेरलं आणि सगळे हल्ले तिच्याच बाजूने सुरू झाले. पहिल्याच वेळी एक खेळाडू तिला चकवून गेली आणि गोल बसला. परसरामने तोंड फिरवलं.

पण पुढच्या वेळी चंचल हलली नाही. समोरचीचे पाय नाचले आणि चंचल नेमकी बॉलवर गेली. "तांबरे!" समालोचक ओरडला. परत हल्ला, परत चंचल. "फिर से तांबरे! क्या बात है तांबरे!"

परसराम वळला, उठला आणि टीव्हीवर धावून गेला. "टेंभरे म्हन बे! टेंभरे! नाव तं नीट घे!"

मग काय, शालीकरामपासून साखरवाल्या गिऱ्हाईकापर्यंत अख्खं दुकान "टेंभरे, टेंभरे" करत टीव्हीला शिकवायला लागलं. मीही ओरडले, खोटं कशाला बोलू? आमच्या टीमने एक गोल फेडला आणि सामना बरोबरीत सुटला. आम्ही जिंकल्यासारखे पेढे वाटले.

पुढच्या सामन्यालाही तीच जागा तुझी, असं कोचने तिला सांगितलं. त्या सकाळी मी शटर वर करते तो परसराम हजर. पोत्यात हात घालून त्याने सगळ्यांत मोठा बटाटा निवडला, सदऱ्याला पुसला आणि काउंटरवर डावीकडे, अगदी मागे ठेवला.

"हा कोनी हलवाचा नाही," तो म्हणाला. "बाकीच्या दहाईचं तुमी भांडून ठरवा."