मुकादम का घुरघुरतो

काका दर रविवारी प्राण्यांची कारणं सांगतात. पंखे विकण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘प्राणी असे का?’ नावाचं चॅनल काढलं. आत्याच्या बाहेरच्या खोलीत उजेड चांगला येतो, म्हणून चित्रीकरण तिच्याकडे. उंट पाठीवर पाण्याची टाकी वाहतो, शहामृग भित्रं म्हणून वाळूत डोकं खुपसतं, वटवाघूळ आंधळं असल्यामुळे उलटं लटकतं. यातलं एकही खरं नाही. पण काकांचं शास्त्र एकाच नियमावर चालतं: त्यांना जे सुचलं, तेच प्राण्याच्या मनात होतं. मी प्राणिशास्त्र शिकले आहे, म्हणून फोन धरायचं काम माझ्याकडे.

त्या रविवारचा विषय होता, मांजर का घुरघुरतं. नमुना म्हणून आत्याचा बोका, मुकादम. आत्या एकटी राहते. घरात तिच्याशिवाय श्वास घेणारा तेवढाच.

काका शर्टाची कॉलर नीट करत होते तेव्हा मी मुकादमकडे बघत होते. तो वाळूच्या ट्रेमध्ये गेला, कमरेतून वाकून बराच वेळ बसला आणि तसाच उठला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. वाळू कोरडी होती. खाण्याला त्याने तोंड लावलं नव्हतं.

“आत्या, याला लघवी होत नाहीये,” मी म्हणाले. “बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तुंबला तर जीव जातो. आत्ताच डॉक्टरांकडे नेऊ या.”

आत्याने भावाकडे पाहिलं. नळ गळाला तरी ती आधी त्याच्याकडेच बघते.

“हद्द आखतोय तो, नर आहे,” काका म्हणाले. “आणि घुरघुर ऐक की. दुखत असतं तर घुरघुरला असता?”

“दुखतानाही घुरघुरतात, काका. घाबरल्यावरही. का, ते अजून नक्की कळलेलं नाही.”

“ऐकलंस?” काका आत्याला म्हणाले. “एवढी वर्षं शिकून काय, तर कळलेलं नाही. फोन सरळ धर, पंडितीणबाई.”

मी फोन टेबलावर ठेवला. त्यांनी तो फुलदाणीला टेकवून उभा केला, मुकादमला उचलून मांडीवर घेतलं आणि पाय एका पेटीवर टाकले. ती मुकादमला न्यायची पेटी होती.

“तर मित्रहो, मांजर घुरघुरतं कारण ते समाधानी असतं. पोटावर असा हात दाबला की समाधान दुप्पट होतं.”

त्यांनी हात दाबला. मुकादमने अंगठ्यात दात रुतवले.

दुसरा एखादा माणूस ओरडला असता. काकांनी कॅमेऱ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. “हा प्रेमाचा चावा,” ते म्हणाले. रक्त पँटवर ठिबकत होतं. “मांजर परक्याला असं चावत नाही.”

आत्या उठली. तिने मुकादमला त्यांच्या मांडीवरून अलगद घेतलं आणि पोटाखाली तळहात धरला. तिचा चेहरा उतरला.

“लिंबासारखं घट्ट लागतंय.”

“मूत्राशय आहे ते,” मी म्हणाले.

“दादा, पाय काढ पेटीवरून.”

“थांब गं, समारोप राहिलाय.”

“पाय काढ म्हटलं ना.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुकादमला आत नेलं. नळी घालून तुंबलेलं काढावं लागेल, म्हणाल्या, आणि उशीर झाला असेल तर मूत्रपिंडं गेलेली असतील. आत्या रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसली. तिचा फोन वाजला. काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता: अंगठा सुजलाय, पण व्हिडिओ झकास आलाय, पोरीला म्हणावं रक्ताचा भाग तेवढा कापून दे. मुकादमचं त्यांनी विचारलंच नाही. आत्याने फोन ठेवला.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. “मोकळं झालंय. दोन दिवस इथेच राहू दे. संध्याकाळवर ढकललं असतं तर काही खरं नव्हतं.”

आत्याने पेटी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

“काकांना कळवू?” मी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “बोका का वाचला, याचंही कारण सांगेल तो.”