पुतळाबाईला सांगायचं होतं

पेजेचा दुसरा चमचा पुतळाबाईने जिभेनेच परत ढकलला, तेव्हा रिबकाने पदराने तिची हनुवटी पुसली आणि वाटी बाजूला ठेवली. बारामतीच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ पाहून, घरी न्या आणि खातील ते खाऊ द्या, एवढंच सांगितलं होतं. आता खाण्यासारखं काही उरलं नव्हतं. सून प्रियदर्शनी हौसेने शिरा करून आणायची आणि तो तसाच झाकून ठेवायची. पेज तेवढी पोटात राहायची, तीही रिबकाने भरवली तर.

"उद्या बारामतीला निघालीस जणू," पुतळाबाई म्हणाली.

"व्हय. मंडळीची सभा हाय. सांजच्याला येते."

"ये. तू नसलीस की घर कसं मुकं हुतं."

रिबका साळवे म्हणजे बावड्याची मिशनबाई. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. मिशनने तिला गावोगाव फिरून येशूची गोष्ट सांगायच्या कामाला लावलं आणि ती त्या कामाला अशी चिकटली की पुढे मिशनने रिटायर केलं तरी तिने ते मनावर घेतलं नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रांची गुंडाळी, पायात टायरच्या वहाणा. सांगवीपासून नरसिंहपुरापर्यंत एसटी जिथवर जाईल तिथवर एसटीने आणि पुढे पायी. लोकांनी तिला हाकलली नाही आणि तिचं ऐकून कुणी बदललंही नाही. बाया निवडणं-टिपणं करता करता हूं हूं करायच्या, जाताना तिच्या पिशवीत चार वांगी टाकायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढ्याच प्रेमाने हूं हूं करायच्या. रिबकाला त्याचं वाईट वाटायचं, पण ती थांबली नाही. सांगणं आपलं काम, पुढचं देवाचं, असं ती स्वतःला समजवायची.

एका घरात मात्र तिने चकार शब्द काढला नव्हता आणि ते घर तिच्या भिंतीला भिंत लावून होतं.

लग्न होऊन ती बावड्यात आली, तेव्हा पुतळाबाईच्या घरच्यांना बौद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती. पहिल्याच दिवशी पुतळाबाईने शेजारधर्म म्हणून पिठलं-भाकरी आणून दिली. रिबका नव्या उत्साहात होती. भाकरी हातात घेता घेताच तिने तारणाऱ्याचा विषय काढला. पुतळाबाईने तो तिथेच तोडला. म्हणाली, "हे बघ बाई, घरातलं देव मी माझ्या हातानं नीरा नदीत सोडल्यात. लई जड हुतं ते. आता दुसरा आणू नगंस. माझ्याकडं यायचं तर मोकळ्या हातानं ये."

रिबकाने कबूल केलं आणि तो शब्द पाळला. ती मागच्या दाराने यायची, चुलीपुढे बसायची, आपल्या हाताने चहा ओतून घ्यायची. नवरा गेला त्या दिवशी पुतळाबाईने तिला कुशीत घेऊन रात्र काढली. पुतळाबाईच्या समाधानला रिबकाने अक्षरं गिरवायला शिकवली. नाताळच्या करंज्या आणि बुद्धजयंतीची खीर भिंतीवरून इकडची तिकडे व्हायची. पंचेचाळीस वर्षं अशी गेली आणि दोघी म्हाताऱ्या झाल्या.

बारामतीच्या चर्चमधल्या सभेत नवा, तरुण पाळक उपदेशाला उभा राहिला. आवाज खणखणीत. त्याने विचारलं, नदीला पाणी चढताना एकालाच दिसलं आणि त्याने शेजाऱ्याचं दार वाजवलं नाही, तर बुडालेल्या शेजाऱ्याचा जाब देव कुणाला विचारील? मग त्याचं लक्ष रिबकाकडे गेलं. तो म्हणाला, आपल्या रिबकाबाईंकडे बघा, या वयातही त्यांनी एकही दार सोडलेलं नाही. सगळ्या मंडळीने कौतुकाने माना वळवल्या. रिबकाने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

परतीच्या एसटीत तिला काही सुचेना. तिची श्रद्धा दिखाऊ नव्हती. सांगते ते अक्षर न् अक्षर तिला खरं वाटायचं, आणि खरं असेल तर पुतळा चालली होती ती कुठे? आपण तिकडे प्रकाशात बसलेलो असू आणि शेजारी पुतळा नसेल, हे तिला कल्पनेतही सोसवेना. इतकी वर्षं आपण शब्द पाळला की तोंड चुकवलं, हेही तिला ठरवता येईना. पुतळा रागावली तर, दार बंद केलं तर, ही भीती तिच्या मनात होतीच. इंदापूर मागे पडेपर्यंत तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रियदर्शनी दळणाला गेली होती. पुतळाबाई जागी होती, शुद्धीत होती. रिबका तिच्या उशाशी बसली. हात हातात घेतला. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे: "बाई, तुमच्या मनाला शांती आहे का?"

प्रत्येक ओट्यावर ती हेच पहिलं वाक्य म्हणायची. ते तोंडातून गेलं तसं तिचं तिलाच चमकल्यासारखं झालं, पण आता थांबता येईना. मागोमाग पाप आलं, क्रूस आला, उघडी कबर आली. सगळं शुद्ध पुस्तकी मराठीत, ज्या त्या जागी थांबत, ज्या त्या जागी आवाज चढवत. आयुष्यभर ज्या गाडीरस्त्याने बैल चालला, त्याच चाकोरीत तो चालत राहिला. पुतळाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी रिबका गप्प झाली.

"झालं सांगून?"

"व्हय."

"सांगवीच्या बायांना सांगतीस ते हेच न्हवं? भाकरी थापताना घोकायचीस. भिंतीपल्याड मला सगळं ऐकू यायचं. माझं पाठ हाय." पुतळाबाईने दम घेतला. "मला वाटायचं, एवढी देवाची येडी ही, पर माझ्यापायी गिळून बसती. लई भारी वाटायचं मला. आन् कवातरी बोललीसच, तर माझ्याशी म्हणून कायतरी निराळं बोलशील, असंबी वाटायचं."

"पुतळे, तसं न्हाय गं..."

"असू दे. तुझं काम राहिलं हुतं, ते झालं. आता मोकळी झालीस."

तू तिथं नसलीस तर मी तिथं करू काय, हे रिबकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगायचं होतं ते खरं तर एवढंच. पण हे वाक्य तिने कधी घोकलेलं नव्हतं. ते बाहेर पडायच्या आत प्रियदर्शनी दळण घेऊन दारात आली आणि पुतळाबाईने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी रिबका नेहमीसारखी मागच्या दाराने आत आली. पुतळाबाईने तिला पाहिलं आणि सुनेला हाक मारली. बाई आल्यात, त्यांना खुर्ची दे, चहा टाक, म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट गोडवाच होता. प्रियदर्शनी गोंधळली, पण तिने समाधानची लोखंडी खुर्ची आणून पलंगापासून हातभर लांब ठेवली. चहा कपबशीतून आला. पेज सुनेनेच भरवली आणि पुतळाबाईने ती बळेबळे गिळली. रिबका रोज जात राहिली आणि रोज तिला खुर्ची मिळत राहिली. बोलायचं तिने दोनदा मनात आणलं. दोन्ही वेळा पुतळाबाईने हूं हूं केलं, तालुक्यातल्या बाया करायच्या तसं, आणि रिबकाला पुढे बोलवेना.

पुतळाबाई उन्हाळा सरता सरता गेली. रिबका धावत आली तेव्हा अंगावर पांढरं वस्त्र घालून झालं होतं. उशाशी मेणबत्त्या लावलेल्या होत्या आणि गल्लीतल्या सगळ्या बाया देहाभोवती जमिनीवर बसल्या होत्या. त्यांतल्या सारजाने थोडं सरकून जागाही केली. रिबका तिकडे वाकली, तेवढ्यात रडून डोळे सुजलेली प्रियदर्शनी उठली आणि खुर्ची घेऊन आली.

"हितं बसा बाई. आत्यांनी सांगून ठेवलंय, मिशनबाईंचा मान ठिवायचा, त्यांना खाली बसू द्यायचं न्हाय."

गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा? रिबका खुर्चीवर बसली. खाली बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या. तिचा हात कुणाच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तो तिने मांडीवरच ठेवला.