मुडपलेला कान

मित्रांनो, बसच्या पुढच्या काचेखाली लटकणारी पाटी तुम्ही वाचता आणि विसरता. मी तशीच एक जुनी, पत्र्याची पाटी आहे. नव्वद सालच्या सुमारास रहेमान पेंटरने माझ्यावर पिवळ्या रंगात लिहिलं, 'नाशिकरोड ते सातपूर'. त्यात 'सातपूर' जरा मोठंच काढलं होतं. कारखान्यांचं गाव ते! तो शब्द छातीवर मिरवत मी वर्षानुवर्षं शहरभर फिरले.

एका दसऱ्याला झेंडूची माळ अडकवायची म्हणून कंडक्टर सरफराजने माझा वरचा कोपरा मुडपला. तो तसाच राहिला. झुंबरबाईंना तो फार सोयीचा झाला. त्या सातपूरला एका कारखान्यात डबे भरायला जात, पण त्यांना अक्षरओळख नव्हती. रोज सकाळी माझा मुडपलेला कान शोधायचा, त्याला हात लावून तो कपाळी लावायचा आणि मग गाडीत चढायचं. असा मान दुसऱ्या कुठल्याच पाटीला नव्हता.

मग शहर वाढलं, नवे मार्ग निघाले. आमची सरळ गाडी बंद झाली. आता शालिमारला उतरून सातपूरसाठी दुसरी गाडी धरायची. रहेमानने माझं 'सातपूर' पुसलं, 'शालिमार' लिहिलं आणि माझा शब्द एका कोऱ्या, चकचकीत पाटीला देऊन टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थांब्यावर ती समोर आली की मला सवतच दिसे. अक्षरंही कसली, नुसती नाचरी!

झुंबरबाई मात्र माझ्याच राहिल्या. पहिल्या दिवशी शालिमारला गाडी रिकामी झाली, तरी त्या जागच्या हलेनात.

"मावशी, उतरा. सातपूरची गाडी ती पलीकडची," सरफराज म्हणाला.

"मला नका शिकवू, मास्तर. हीच माझी गाडी. कान मुडपलेला हाय की!"

मला कोण आनंद झाला! सवतीची गाडी त्यांना न घेताच सुटली, तेव्हा तर मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी त्या उतरल्या, पण इतक्या गाड्यांत सातपूरची कुठली ते कळेना. विचारेपर्यंत ती निघून गेली. संध्याकाळी परतताना त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"मुकादम म्हनला, आता उशीर झाला तर कामावर येऊच नको. काय करू वो, मास्तर?"

दुसऱ्या सकाळी शालिमारला सरफराज पक्कड घेऊन उतरला, सवतीपाशी गेला आणि तिचा वरचा कोपरा मुडपला. हुबेहूब माझ्यासारखा! नाव गेलं होतंच, आता खूणही गेली. झुंबरबाईंनी तो कान पाहिला, हात लावला, कपाळी नेला आणि त्या चढल्या. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या दिवशी त्या वेळेवर पोचल्या.

मी जळले. अजूनही जळते. तरी सांगते, मित्रांनो, रस्ते खुशाल बदला, पाट्याही बदला, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांची खूण तेवढी जपा.

दसऱ्याला झुंबरबाईंनी दोन माळा आणल्या, एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी. सरफराज म्हणतो, दोन्ही सारख्याच होत्या. मला तिची जरा लांब वाटली.