तळघरातला लाल डाग

विद्यापीठाच्या नकाशावर वायफाय रंगवणं हे माझं काम. काठीच्या टोकाला वायफायचा डबा आणि बॅटरी बांधायची, ती जागोजागी उभी करायची, मोबाईलवर रेंज मोजायची. चांगली आली तर हिरवा रंग, मेली तर लाल. सगळं आवार हिरवं झालं होतं, एक व्यायामशाळेचं तळघर सोडून. तिथे डबा बसवला की आठवड्याभरात कुणीतरी तो ठेचून ठेवायचं. साहेब मला म्हणाले, नाम्गुंग बाई, तपासणी आली आहे, तो डाग मिटवा नाहीतर तुमचं कंत्राट मिटेल. माझं टाळकं आधीच तापट. म्हटलं, डबा असा उंच लावते की त्या मेल्यांचा हातच पोचणार नाही. भर दुपारी काठी खांद्यावर टाकून मी निघाले.

जिन्यातच धपाधप आवाज यायला लागले. कुणी गाद्या झटकतंय असं वाटलं. दार लोटलं तर पहिल्या वर्षाची पोरं ओळीत, डोकी जमिनीला टेकलेली, हात पाठीमागे, ढुंगणं वर. तेसान नावाचा वरच्या वर्गातला दांडगा पोरगा एकेकाला बॅटने हाणत होता आणि दर फटक्याला प्रत्येक पोर “आभारी आहे, दादा” म्हणत होतं. इथल्या खेळाडूंत याला शिस्त म्हणतात. आग लागो त्या शिस्तीला. दाराजवळ टोपलीत सगळ्यांचे फोन गोळा करून ठेवले होते. बंद करायचीसुद्धा गरज वाटली नव्हती, कारण तिथे रेंज येतेच कुठे? डबे कोण फोडतं ते मला तेव्हा कळलं.

टोकाचा एक बारकेला पोरगा कोलमडला. हानग्यल. ग्रंथालयाच्या पायरीवर वायफाय येत नाही म्हणून माझ्याशी हुज्जत घालणारा, मोक्पो बंदरावरच्या मासळीवालीचा मुलगा. तेसानने त्याला कॉलर धरून उभा केला आणि दोन्ही तळवे एकदम त्याच्या दोन्ही कानांवर हाणले. पोराच्या कानातून रक्ताची धार मानेवर आली. 

मला रखवालदाराला बोलवायचं होतं आणि माझ्या फोनची रेंज मेलेली. मी काठीवरचा डबा चालू केला, त्याने वरच्या मजल्याची रेंज खाली ओढली.

माझा फोन लागायच्या आत टोपली वाजायला लागली. साठलेले निरोप सगळ्यांच्या फोनवर एकदम येऊन आदळले. ओळीतली पोरं तशीच ओणवी, पण एकेकाची मान टोपलीकडे वळली. तेसान माझ्याकडे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मावशी, हे आमच्या घरातलं आहे. तुम्ही आपला डबा उचला.”

तेवढ्यात एक फोन वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजला. हानग्यलची आई. ती अशी सोडणारी नव्हती, उचलला नसता तर थेट प्रशिक्षकाला लावला असता. तेसानने फोन स्पीकरवर टाकून पोराच्या तोंडासमोर धरला आणि बॅट त्याच्या पोटाला लावून ‘जेवलो म्हण’ अशी खूण केली.

“जेवलास का रे?”

“जेवलो, आई.”

“किमचीची बरणी पोचली का मी पाठवलेली?”

“जेवलो, आई.”

“आवाज असा का येतोय? रडतोयस?”

“हो, पोटभर.”

पोराची नजर फोनच्या काचेवर होती. आया काय विचारतात ते त्याला पाठ होतं, त्या अंदाजाने तो उत्तरं देत होता. त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी काठी दोन्ही हातांनी फिरवली. तिचा लोखंडी पाय तेसानच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचं मी ऐकलं. त्याने दुसऱ्या हाताने बॅट माझ्या जबड्यावर मारली. तुटलेला दात जिभेवर आला, तो थुंकले आणि पुन्हा हाणलं, गुडघ्यावर. तो पडला तरी मी हाणतच होते. कुणीही मध्ये आलं नाही. पोरांनी डोकीसुद्धा उचलली नाहीत, दादाने सांगितलं नव्हतं ना.

फोन जमिनीवर बोलतच होता. मी उचलला. हानग्यलने माझा हात घट्ट धरला आणि नको नको म्हणून मान हलवली. आईला कळू नये एवढंच त्याचं मागणं होतं. मी हात सोडवून घेतला.

“कोण बोलतंय? माझा मुलगा कुठाय?”

“मी इथली वायफायवाली,” मी रक्त गिळून म्हटलं. “ताई, पोरगा जेवलेला नाही. त्याला तुमचं काही ऐकूच आलेलं नाही. दुकान तसंच सोडा आणि या.”