शंभर टक्के अस्सल

नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. नागोराव. अखिल भारतीय पुरातन इंजिन व ट्रॅक्टरप्रेमी मंडळाचे सरचिटणीस. हे नाव लेटरहेडवर छापायला दोन ओळी लागतात, आणि मंडळाचं राष्ट्रीय कार्यालय म्हणजे बोईसरमधल्या आमच्या फ्लॅटची मागची गॅलरी. तिथे पूर्वी कपडे वाळायचे. आता कपडे हॉलमध्ये वाळतात आणि गॅलरीतून देश चालतो.

सभासद मात्र खरोखर देशभर आहेत. लुधियानाचे, राजकोटचे, कोइमतूरचे. कुणाकडे आजोबांचा ट्रॅक्टर, कुणाकडे उसाच्या चरकाचं इंजिन. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे आणि सगळ्यांच्या बायका माझ्यासारख्याच वैतागलेल्या. इथल्या प्लांटमधून निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं गावी, परभणीला परत जातात, शेत बघतात, नातवंडं सांभाळतात. आमचे हे गॅलरीत बसून दुसऱ्यांची इंजिनं सांभाळतात. हौसेला मोल नाही म्हणतात, पण त्याचं मोल घरातल्या बाईला विचारावं.

मंडळाची घटना यांनीच लिहिली. यंत्र कारखान्यातून जसं निघालं तसंच असलं पाहिजे, बाहेरचा एक नट चालणार नाही, हा पहिला नियम. दरवर्षीच्या मेळाव्यात स्पर्धा असते. शंभरपैकी साठ गुण अस्सलपणाला. यंत्र चालू होतं की नाही, याला दहा.

"दहाच?" मी एकदा विचारलं.

"अगं, चालतं तर काय कुठलंही यंत्र," नागोराव म्हणाले. "अस्सल किती राहिलीत ते सांग."

गेल्या दिवाळीनंतर एका लग्नाला आम्ही विक्रमगडच्या पुढे गेलो होतो. परतताना यांनी मध्येच स्कूटर थांबवली. खाली ओहोळाच्या बाजूने धडधड ऐकू येत होती. मला वाटलं, यांना बरं वाटत नाहीये, असा चेहरा झाला होता. दुसऱ्या मिनिटाला हे लग्नातल्या कपड्यांत बांधावरून खाली उतरत होते.

खाली जिवल्या नावाच्या एका आदिवासी शेतकऱ्याचं मोगऱ्याचं शेत होतं. एवढंसंच, उतारावरचं. दोन वर्षांपूर्वी लावलेली रोपं यंदा पहिल्यांदा फुलणार होती. ओहोळाच्या डोहावर एक काळंकुट्ट ऑइल इंजिन धूर ओकत पाणी उपसत होतं. कधीकाळी ते हिरवं असावं. टाकीच्या जागी तेलाचा प्लास्टिक कॅन तारेने बांधला होता, आतला पिस्टन भलत्याच यंत्राचा होता. जिवल्याने ते एका विहीरवाल्याकडून तसंच घेतलं होतं. आत काय काय कुणी बसवलंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. नागोरावांनी इंजिनावरची पितळी पाटी धोतराने, म्हणजे नव्या कोऱ्या धोतराने, पुसली आणि ते मटकन खाली बसले.

"सुगंधा, हे मॉडेल देशात कुणाकडे नाही."

जिवल्याची बायको चिमी रोपांना आळी करत होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काय झाला यांना?"

"वेड लागलंय," मी म्हटलं. ती खुदकन हसली.

मग यांनी जिवल्याला समजावलं. इंजिन मंडळाला द्यायचं, म्हणजे कायमचं नाही, पंधरा दिवसांसाठी. सगळं खोलून, साफ करून, अस्सल भाग बसवून नव्यासारखं करू. मेळाव्यात त्याच्या नावाने मांडू. धूर नाही, हँडल मारून मारून खांदा निखळणं नाही. हे बोलताना नागोरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खोटं एक अक्षरही नव्हतं. त्यामुळेच पुढचं सगळं झालं.

चिमी तयार नव्हती. "चालतंय ना? मंग कशाला खोलायचा?"

"बंद पडला तं?" जिवल्या म्हणाला. "उनाल्यात मधीच बंद पडला तं मोगरा जाल. आता जमिनीत वल हाय. आताच नेऊ दे."

मग त्याने मला सांगितलं की यंदा ते वीटभट्टीवर जाणार नाहीत. दरवर्षी सुगी झाली की दोघं पोरीला घेऊन भिवंडीकडे भट्टीवर जात, आणि तेजलची शाळा तिथेच तुटे. आता ती चौथीत होती. मोगरा लागला तर घरी राहायचं, पोरगी शाळेत जाईल, एवढं त्याचं ठरलेलं होतं. पाड्यात वीज होती, पण ती ओहोळापर्यंत आलेली नव्हती. म्हणजे सगळी भिस्त त्या धूर ओकणाऱ्या इंजिनावर.

इंजिन आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलं. नागोरावांनी ते पार सुटं केलं. परका पिस्टन, परका पंप, कसली कसली वॉशरं, सगळं 'नकली' म्हणून पोत्यात भरलं आणि एमआयडीसीतल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. कोइमतूरच्या एका सभासदाने जपून ठेवलेला अस्सल पिस्टन पाठवला. लुधियानाहून पंप आला. पार्सल उघडताना हे लहान पोरासारखे हरखले होते, आणि मीही, खोटं कशाला बोलू, कौतुकाने बघत होते.

सगळं बसवलं आणि हँडल मारलं. इंजिन हूं की चूं करेना.

सिलेंडर इतकी वर्षं झिजला होता की अस्सल पिस्टन त्यात सैल पडत होता. त्या परक्या पिस्टनचंच त्याच्याशी जमलं होतं. हे भंगारवाल्याकडे धावले. माल कधीच भट्टीत गेला होता.

पंधरा दिवसांचा महिना झाला. जिवल्याचा फोन येई. "काका, जमीन सुकाया लागली."

"आलंच, दोन दिवस," हे म्हणत.

मी म्हटलं, "अहो, पेट्रोलवर चालणारा एक साधा पाण्याचा पंप आणून द्या त्याला. आपण देऊ. तुमचं हे मागाहून चालू होऊ दे."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, सुगंधा. त्याला त्याचंच इंजिन चालू करून देणार मी. शब्द दिलाय."

शब्द दिलाय! पुढच्या आठवड्यात मी पुन्हा म्हटलं, यांनी पुन्हा तेच सांगितलं. चाळीस वर्षं प्लांटमध्ये याच माणसाच्या हाताने पंप चालू झाले होते, आणि हे एक पाणी ओढायचं इंजिन आपल्याला दाद देत नाही, हे त्यांना मान्य करवत नव्हतं. तिकडे चिमी डोहातून हंड्याने पाणी वाहत होती. मला राग येई आणि रागाच्या तळाशी दया येई. दयेपायीच मी जास्त भांडले नाही.

मेळावा बोईसरजवळच्या पाम गावच्या मैदानात झाला. पाहुण्यांना एडवणचा समुद्र दाखवला, सुरमई खाऊ घातली. मांडवात जिवल्याचं इंजिन मधोमध होतं. हिरवा रंग, पितळी पाटी झगझगीत. जिवल्या, चिमी आणि तेजल तिघंही आली होती, ठेवणीतले कपडे घालून. जिवल्याने इंजिनाला हात लावला आणि बोटांना रंग लागला का ते बघितलं.

मंडळाचे अध्यक्ष मेहुलभाई राजकोटहून आले होते. भिंग लावून त्यांनी एकेक बोल्ट पाहिला. "नागोरावजी, कमाल कर दिया. सौ टका ओरिजिनल!" साठपैकी साठ. चालण्याचे दहा गुण गेले तरी पहिला नंबर आला. माइकवरून जिवल्याचं पूर्ण नाव पुकारलं गेलं, ढाल दिली, टाळ्या वाजल्या. जिवल्या ढाल छातीशी धरून उभा राहिला. टाळ्या थांबल्यावर त्याने माइकजवळच विचारलं, "आता चालू करणार काय?"

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

त्याच आठवड्यात तिघं भट्टीवर गेली. वाटेतून फोन करून जिवल्या म्हणाला, "काका, तुमचा झाला का नेऊन ठेवा. लाडकीआय हाय शेजारी. ती मोगऱ्याला हंडाभर हंडाभर घालंल. चालू झाला का आमी माघारी फिरतो."

मग मात्र नागोरावांनी नियम सोडला. सिलेंडर कापून आत नवी नळी बसवायची ठरवली, अस्सल गेलं खड्ड्यात. लेथवाल्याकडे नेलं. जुनं ओतीव लोखंड, चढवल्या चढवल्या त्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. घरी आले आणि हात न धुता जेवायला बसले. मी ताट वाढलं. बोलायचं ते सगळं आधीच बोलून झालं होतं.

चीर गेलेला सिलेंडर यांनी परत बसवला, वरून हिरवा रंग दिला. का, ते विचारू नका. आम्ही टेम्पो केला आणि मनोरवरून इंजिन पाड्यावर नेलं. जिवल्याच्या दाराला कडी होती. पडवीत इंजिन उतरवलं. शेजारची लाडकीआय काठी टेकत आली. तिचा एक पाय सुजून खांबासारखा झाला होता.

"मी पानी घाताला," ती म्हणाली. "आठ दिस घाताला. मंग पाय उचलंना."

आम्ही खाली शेतात गेलो; लाडकीआयही काठी टेकत मागून उतरली. डोहात पाणी होतं, चांगलं गुडघाभर. आणि त्याच्या वर, हात लांब केला तर पोचेल इतक्यावर, मोगऱ्याच्या ओळी होत्या. नागोरावांनी एक रोप चिमटीत धरलं, ते कट्कन मोडलं. दुसरं धरलं, तेही मोडलं. तिसरं त्यांनी धरलं नाही. चिमीने केलेली आळी तेवढी अजून गोल होती.

मी लाडकीआयला म्हटलं, "हिरवं आहे का एखादं?" तिने नाही म्हणून मान हलवली.

जिवल्याला कळवायला हवं होतं. "मी सांगतो," नागोराव म्हणाले. "सगळं खरं सांगतो." मी माझ्या मोबाइलवरून फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे मातीत काम करणाऱ्या माणसांचा गलका होता.

"काका! आनला काय इंजान?"

"आणलं. घरी ठेवलंय. जिवल्या, ऐक..."

"चालला?" तो ओरडला. "चालू करून आयकवा ना, काका. रोज चिखल तुडवतो, पोरगी इटा उलटते. तेवढा आवाज आयकवा. कानाला बरा वाटंल."

नागोरावांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. देशभरचे सभासद आपापल्या इंजिनांचे आवाज यांना रोज पाठवतात, ढिगाने. त्यांतला एक त्यांनी लावला आणि तो मोबाइल माझ्या मोबाइलला टेकवला. कुठल्याशा लांबच्या गावातलं कुणाचं तरी इंजिन धडधडायला लागलं. लाडकीआय दचकून वर, पडवीकडे बघायला लागली.

"अहो!" मी म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दोन घटकांचं समाधान द्यावं, एवढंच असणार त्यांच्या मनात. पुढचं त्यांना दिसलं नाही.

"चिमे! अगं आयक, चाललाय!" पलीकडे जिवल्या हसत होता, रडत होता, काय ते कळत नव्हतं. "काका, आमी निंगतो. मुकादम बोंबलंल तं बोंबलू दे. उद्या सकाळीच निंगतो. तेजलला परवापासून शालेत धाडतो."

नागोराव खाली बांधावर बसले. आवाज चालूच होता; तो कसा बंद करायचा हेही त्यांना सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर आता मीच सांगायला हवं होतं. आयुष्यभर तोंडाची फटकळ म्हणून मिरवले, दोन शब्द बोलायला काय लागतं? मी फोन तोंडाजवळ नेला.

"बाय, तुमी हाव काय?" चिमीचा आवाज आला. धाप लागली होती, आणि ती हसत होती. "आमी येत तवर मोगऱ्याला पानी सोडून ठेवा."

मी त्या काड्यांकडे बघत म्हटलं, "बरं गं. सोडते."